अल्फा-सायन्युक्लीन: मोनोमर आणि फायब्रिल यांत गल्लत नको

चेतापेशीच्या ज्या टोकातून संदेश पुढच्या पेशीकडे जातो, तिथे अल्फा-सायन्युक्लीन नावाचं १४० अमिनो आम्लांचं छोटंसं प्रथिन भरपूर सापडतं. १९९७ साली त्याच्याबद्दल दोन गोष्टी उजेडात आल्या. त्याच्या जनुकातल्या एका बदलामुळे काही कुटुंबांत पार्किन्सन येतो. आणि या आजारात चेतापेशींत साठणाऱ्या ल्यूई बॉडीजमध्ये मुख्यतः हेच प्रथिन असतं. तेव्हापासून ई. कोलाय जिवाणूंकडून बनवून घेतलेलं मानवी अल्फा-सायन्युक्लीन प्रयोगशाळांच्या नित्याच्या वापरातलं झालं. ते दोन रूपांत मिळतं: मोनोमर आणि आधीच घडवलेले फायब्रिल (तंतू), म्हणजे पीएफएफ. कुपीवर प्रथिनाचं नाव तेच, अमिनो आम्लांचा क्रमही तोच. गल्लत होते ती इथेच.

मोनोमर म्हणजे सुटी साखळी. द्रावणात तिला ठरलेली घडी नसते. त्यामुळे उष्णतेने मोडायला तिच्यात फारसं काही नसतंच. शुद्धीकरण करणारे याचा छान उपयोग करून घेतात: जिवाणूंचा अर्क उकळला की इतर बहुतेक प्रथिनं साकळून तळाशी बसतात आणि सायन्युक्लीन वरच्या निवळीत राहतं.

हीच साखळी दाट द्रावणात, साधारण ५ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, ३७ अंश सेल्सिअसला सात दिवस जोरात हलवत ठेवली की फायब्रिल तयार होतात. ६१ ते ९५ क्रमांकाच्या अमिनो आम्लांचा पाणी टाळणारा पट्टा त्यांच्या गाभ्यात जातो, साखळ्या बीटा-शीटच्या (सपाट पट्ट्यांच्या) रचनेत एकमेकींवर रचल्या जातात आणि लांब तंतू उभा राहतो. त्याच्या टोकाला आलेली सुटी साखळीही मग तसाच आकार घेते. फायब्रिलचं सगळं महत्त्व या गुणात आहे.

ओळखायचं कसं? नेहमीच्या एसडीएस जेलवर, म्हणजे साबणासारख्या एसडीएसमध्ये प्रथिनं सुटी करून वजनानुसार वेगळी करणाऱ्या चाचणीवर, विसंबू नका. नमुना एसडीएसमध्ये उकळला की फायब्रिलही बव्हंशी सुटतात आणि दोन्ही कुप्यांचा पट्टा एकाच जागी येतो. माहितीपत्रकातल्या जेलवरून शुद्धता कळेल, आकार कळणार नाही. थायोफ्लेविन-टी हा रंग फायब्रिलच्या बीटा-शीटला चिकटून चमकतो, मोनोमरसोबत जवळजवळ नाही. अल्ट्रासेंट्रिफ्यूजमध्ये (अतिवेगाने फिरवणाऱ्या यंत्रात) फायब्रिल तळाशी जातात, मोनोमर वर राहतो. माझ्या मते या दोन चाचण्या दर नव्या बॅचला कराव्यातच, आणि जमेल तिथे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तंतू डोळ्यांनी पाहावेत.

पेशींवर घालण्याआधी फायब्रिल सोनिकेट करून, म्हणजे ध्वनिलहरींनी तोडून, सुमारे ५० नॅनोमीटरचे तुकडे करावे लागतात. लांब तंतू तसेच घातले तर परिणाम अगदी क्षीण मिळतो. तुकडे नीट झाले असतील तर चेतापेशी ते आत घेते आणि तिचं स्वतःचं सायन्युक्लीन त्यांना जोडलं जाऊ लागतं. हे दिसतं कसं, तर १२९व्या जागेवरच्या सेरीन या अमिनो आम्लावर फॉस्फेट लागतो आणि तो ओळखणारी अँटिबॉडी उजळते. ई. कोलायने बनवलेल्या प्रथिनावर हा फॉस्फेट नसतो. म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली जे उजळलेलं दिसतं, ते प्रामुख्याने पेशीच्या स्वतःच्या प्रथिनाचं असतं. इतका स्वच्छ पुरावा फार थोड्या प्रयोगांत मिळतो. प्लेटच्या शेजारच्या खळग्यात तेवढाच मोनोमर घालावा, म्हणजे परिणाम प्रथिनाचा की आकाराचा हे वेगळं काढता येतं. मात्र दोन्हींतलं एंडोटॉक्सिन (जिवाणूंच्या आवरणातला विषारी घटक) मोजलेलं हवं, विशेषतः मायक्रोग्लिया, म्हणजे मेंदूतल्या संरक्षक पेशी, असतील तर. जिवाणूंचे अवशेष त्यांना एरवीही भडकवतात.

साठवणुकीत सवयी उलट्या होतात. मोनोमर उणे ८० अंशांवर छोट्या भागांत ठेवावा, बर्फावर वितळवावा आणि वापरण्याआधी वेगाने फिरवून आधीच बनलेले गोळे काढून टाकावेत. वितळवलेले फायब्रिल मात्र बर्फावर किंवा फ्रिजमध्ये ठेवू नयेत. थंडीत ते सुटू लागतात. हाताळणीतही फरक आहे: फायब्रिलचे तुषार उडू देऊ नयेत, आणि सांडले तर जागा एसडीएसच्या द्रावणाने पुसावी, ते तंतू सुटे करतं.

एक शेवटची निवड उरते. उंदराच्या सायन्युक्लीनमध्ये ५३व्या जागी थ्रिओनिन असतं, मानवी प्रथिनात अॅलानिन. दोन्हींत असे मोजकेच फरक आहेत, तरी उंदराच्या चेतापेशींत उंदराचे फायब्रिल मानवी फायब्रिलपेक्षा जास्त जोमाने काम करतात. तेव्हा पेशी उंदराच्या असतील, तर मानवी कुपी मागवण्याआधी प्रयोगाला मानवी क्रमच हवा आहे का, ते तपासून घ्या.