अमेरिकन मनोरंजनसृष्टीतील गौरेतर स्त्रिया

आफ्रिकन-अमेरिकन, लॅटिना, आशियाई, मूलनिवासी अशा गोऱ्या नसलेल्या सर्व वंशांच्या स्त्रियांना अमेरिकेच्या चित्रपट व दूरचित्रवाणी व्यवसायात मिळालेले, आणि बहुतेक वेळा न मिळालेले, स्थान असा या विषयाचा आवाका आहे. ‘गौरेतर स्त्रिया’ हे केवळ वर्णन नव्हे. १९७७ साली ह्यूस्टनला भरलेल्या राष्ट्रीय महिला परिषदेत निरनिराळ्या वंशांच्या कार्यकर्त्या एकत्र बसल्या आणि त्यांनी ही ओळख राजकीय भूमिका म्हणून घेतली.

विषय नीट कळायचा तर आधी एक खटला पाहावा लागतो, आणि तो सिनेमाचा नाही. १९७० च्या दशकात पाच कृष्णवर्णीय स्त्रियांनी जनरल मोटर्सविरुद्ध भेदभावाचा दावा लावला. कंपनीने स्त्रियांना नोकऱ्या दिल्या आहेत, तेव्हा लिंगभेद झालेला नाही, असे न्यायालयाने ठरवले. ज्यांना त्या नोकऱ्या मिळाल्या होत्या त्या स्त्रिया गोऱ्या होत्या. वंश आणि लिंग ही दोन्ही कारणे जोडून दावा करण्याची मुभाही १९७६ च्या निकालात नाकारली गेली. कायद्याच्या अभ्यासक किंबर्ली क्रेनशॉ यांनी १९८९ मध्ये हाच खटला घेऊन ‘आंतरछेदीयता’ ही संकल्पना मांडली. दोन अन्याय जिथे एकमेकांना छेदतात तिथे उभी असलेली बाई दोन्ही याद्यांमधून गळते, हे त्यांचे म्हणणे होते. पडद्यावरही तेच घडत आले. नायिका म्हटली की गोरी आणि कृष्णवर्णीय पात्र म्हटले की पुरुष, नाहीतर घरकाम करणारी बाई.

ही घरकाम करणारी बाई रंगवून ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय कलावंत म्हणजे हॅटी मॅकडॅनियल. ‘गॉन विथ द विंड’ या चित्रपटाचा डिसेंबर १९३९ मधला पहिला खेळ अटलांटात झाला, तेव्हा जॉर्जिया राज्यातल्या वंशविभाजनाच्या कायद्यांमुळे त्यांना तिथे जाता आले नाही. २९ फेब्रुवारी १९४० रोजी लॉस एंजेलिसच्या अँबॅसडर हॉटेलात पुरस्कार सोहळा झाला. त्या हॉटेलात कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. निर्मात्याने खास परवानगी काढली तेव्हा कुठे त्या आत आल्या, आणि बसवले ते सहकलाकारांपासून दूर, भिंतीलगतच्या एका छोट्या टेबलाशी. तिथून उठून त्या पुरस्कार घ्यायला गेल्या.

भूमिका नाकारण्याचे काम कागदावरच्या नियमांनीही केले. १९३४ पासून कडकपणे लागू झालेल्या आणि १९६८ पर्यंत टिकलेल्या निर्मिती संहितेत, म्हणजे पडद्यावर काय दाखवायचे याच्या हॉलिवूडच्या स्वतःच्या नियमावलीत, गोऱ्या व कृष्णवर्णीय व्यक्तींचे प्रेमसंबंध दाखवण्यास १९५६ पर्यंत मनाई होती. व्यवहारात तिची झळ आशियाई कलाकारांनाही बसे. लॉस एंजेलिसमध्ये जन्मलेल्या ॲना मे वाँग त्या काळातल्या सर्वांत नावाजलेल्या चिनी-अमेरिकन अभिनेत्री. १९३७ च्या ‘द गुड अर्थ’मधली चिनी शेतकऱ्याच्या बायकोची भूमिका त्यांना हवी होती. पण शेतकरी झाला होता रंगभूषा केलेला गोरा नट, म्हणून बायकोही गोरीच घेतली गेली. त्या भूमिकेसाठी लुईझ रायनर यांना ऑस्कर मिळाले.

मर्ल ओबेरॉन यांनी दुसरा मार्ग धरला. त्यांचा जन्म १९११ चा, मुंबईचा. हॉलिवूडमध्ये मात्र आपण टास्मानियाच्या आहोत असे त्यांनी सांगितले आणि आईकडून आलेला दक्षिण आशियाई वंश आयुष्यभर लपवला. १९३५ सालच्या चित्रपटासाठी त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे नामांकन मिळाले, तेव्हा ते आशियाई वंशाच्या स्त्रीला मिळाले आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते. लपवणाऱ्या बाईला दोष देणे सोपे आहे. खरे बोलली असती तर तिला ते काम मिळाले असते का, हे आधी विचारायला हवे.

गायिका-अभिनेत्री लीना हॉर्न यांच्याशी १९४२ मध्ये एका मोठ्या स्टुडिओने करार केला. त्यांची गाणी कथानकाशी संबंध न ठेवता, वेगळी अशी चित्रित केली जात. दक्षिणेकडच्या राज्यांत चित्रपट पाठवताना तेवढा तुकडा कापला तरी गोष्ट कुठे तुटत नसे. एखाद्या कलावंताला घ्यायचे, तिच्या नावावर तिकिटे विकायची, आणि ती काढून टाकता येईल अशीच कथा रचायची, हा या इतिहासातला मला सर्वांत बोचणारा तपशील वाटतो.

यंत्रसामग्रीही तटस्थ नव्हती. छायाचित्रांच्या प्रयोगशाळांत रंग जुळवण्यासाठी कोडॅक कंपनी ‘शर्ली कार्ड’ पाठवी. त्यावर गोऱ्या स्त्रीचा फोटो असे आणि तिची कांती नीट उतरली की छपाई बरोबर मानली जाई. चित्रपटांच्या रिळांच्या आरंभीही रंगजुळणीसाठी स्त्रीच्या चेहऱ्याच्या काही चौकटी जोडत, आणि तो चेहराही बहुधा गोराच असे. सावळ्या-काळ्या चेहऱ्यावरचे बारकावे त्यामुळे अंधारात जात. यात सुधारणा व्हायला चॉकलेट आणि लाकडी सामान बनवणाऱ्या कंपन्यांच्या तक्रारींचाही हातभार लागला. आपल्या मालाच्या तपकिरी छटा जाहिरातीत दिसत नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. रंगभूषेच्या खोलीतली गोष्ट अशीच. कुरळ्या, दाट केसांची निगा ठाऊक असलेला केशरचनाकार सेटवर नसतो, म्हणून कित्येक कृष्णवर्णीय अभिनेत्री घरूनच केस बांधून आणि आपल्या रंगाचे फाउंडेशन पिशवीत घालून येत असत. साहसदृश्यांत तर गोऱ्या बदली कलाकारांना रंग फासून उभे करण्याची पद्धतच होती.

दूरचित्रवाणीवर बदल तुलनेने लवकर दिसला. १९६६ मध्ये ‘स्टार ट्रेक’मध्ये निशेल निकोल्स अंतराळयानावरच्या संपर्क अधिकारी झाल्या. पहिल्या वर्षानंतर मालिका सोडायचे त्यांनी ठरवले होते. मार्टिन ल्यूथर किंग यांनी भेटून थांबायला सांगितले, अशी आठवण त्या सांगत. पुढे १९७७ मध्ये त्यांनी नासासाठी स्त्रिया आणि अल्पसंख्याक उमेदवार मिळवण्याची मोहीम चालवली. १९६८ मध्ये डायॲन कॅरोल यांची मालिका सुरू झाली; तिची नायिका परिचारिका होती, कोणाच्या घरची नोकर नव्हती. पण ही वाट रुंद झाली नाही. १९७४ मधल्या टेरेसा ग्रेव्ह्ज यांच्यानंतर राष्ट्रीय वाहिनीवरच्या नाट्यमालिकेत मुख्य भूमिकेत कृष्णवर्णीय स्त्री दिसली ती २०१२ मध्ये, केरी वॉशिंग्टन यांच्या रूपाने. ती मालिका शोंडा राइम्स या कृष्णवर्णीय लेखिका-निर्मातीने घडवली होती, आणि हा योगायोग नव्हे. त्याच वर्षी मिंडी कॅलिंग यांची स्वतःची विनोदी मालिका आली, २०१५ मध्ये प्रियांका चोप्रा एका नाट्यमालिकेच्या नायिका झाल्या.

व्हायोला डेव्हिस यांच्या मालिकेतला २०१४ चा एक प्रसंग मुद्दाम पाहावा असा आहे. दिवसभर कोर्टात दरारा गाजवणारी वकील रात्री आरशासमोर बसते, केसांचा टोप काढते, खोट्या पापण्या काढते, चेहऱ्यावरचा रंग पुसते. खालचे तिचे आखूड, नैसर्गिक केस दिसतात. हा प्रसंग असावा असा आग्रह डेव्हिस यांचाच होता. पुढच्या वर्षी त्या नाट्यमालिकेच्या मुख्य अभिनेत्रीचा एमी हा दूरचित्रवाणीचा पुरस्कार मिळवणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री ठरल्या. आमच्यात आणि इतरांत फरक फक्त संधीचा आहे, असे त्या मंचावरून म्हणाल्या.

पडद्यामागे गती मंद राहिली. आफ्रिकन-अमेरिकन स्त्रीने दिग्दर्शित केलेला चित्रपट अमेरिकेत सर्वत्र प्रदर्शित होण्यासाठी जूली डॅश यांच्या १९९१ च्या चित्रपटापर्यंत वाट पाहावी लागली. दिग्दर्शनाचे ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या गौरेतर स्त्री क्लोई झाओ, तेही २०२१ मध्ये. वेशभूषाकार रुथ कार्टर यांनी २०१९ आणि २०२३ असे दोनदा ऑस्कर मिळवले. दोन ऑस्कर असलेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री.

सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार २००२ मध्ये हॅली बेरी यांना मिळाला. त्यानंतर दुसऱ्या गौरेतर स्त्रीला, मिशेल यो यांना, तो मिळायला २०२३ उजाडले. २०२५ पर्यंत या गटात दुसरी कृष्णवर्णीय विजेती झालेली नाही. २०२४ मध्ये लिली ग्लॅडस्टोन यांना नामांकन मिळाले. अमेरिकेतल्या मूलनिवासी स्त्रीला या गटात मिळालेले ते पहिलेच.

२०१५ मध्ये कार्यकर्त्या एप्रिल रेन यांनी समाजमाध्यमावर ऑस्करच्या गोरेपणावर बोट ठेवले आणि हे पुरस्कार देणाऱ्या अकादमीला सदस्यत्वापासून बदल करावे लागले. २०२० मध्ये जाहीर झालेले समावेशाचे निकष २०२४ च्या सोहळ्यापासून सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या गटाला बंधनकारक आहेत. कलाकार, पडद्यामागचे प्रमुख व कर्मचारी, उमेदवारी-प्रशिक्षण आणि जाहिरात-वितरण अशा चार कसोट्यांपैकी दोन पुऱ्या कराव्या लागतात. त्यांत वंश हा एक रकाना आहे, स्त्री हा दुसरा. नायक आशियाई पुरुष घेतला की पहिली कसोटी पुरी होते. वेशभूषाकार गोरी स्त्री आणि संगीतकार कृष्णवर्णीय पुरुष असला की दुसरीही. असा चित्रपट स्पर्धेला पात्र ठरतो, आणि त्याच्या श्रेयनामावलीत एकही गौरेतर स्त्री नसली तरी चालते.