वॉरंट नसलेल्या स्वातंत्र्यसैनिक

मराठवाड्याच्या मुक्तिलढ्यातल्या बायका सरकारी याद्यांत कमी दिसतात. याचं कारण लढ्यात शोधण्यापेक्षा पेन्शनच्या नियमांत शोधलेलं बरं.

मराठवाडा तेव्हा निझामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर स्थापनेआधीच बंदी आली आणि सप्टेंबर १९४८ च्या भारतीय सैन्याच्या ‘पोलीस कारवाई’पर्यंत बरंचसं काम भूमिगतच चाललं. १९४७-४८ मध्ये संस्थानाच्या सरहद्दीपलीकडे लढ्याचे कॅम्प उघडले, तिथून शस्त्रं आत येऊ लागली. कार्यकर्ता फरार झाला की मागे घर उरायचं आणि झडती त्या घराचीच व्हायची. रात्री-अपरात्री आलेल्यांना भाकरी करून घालायची, निरोप पोचवायचे, पत्रकं दडवायची आणि पोलीस किंवा निझामाच्या बाजूचे सशस्त्र रझाकार दारात आले की आपल्याला काही ठाऊकच नाही असं दाखवायचं, हे सगळं बायकांच्या वाट्याला आलं.

काहीजणी हत्यार घेऊनही उतरल्या. बदनापूर तालुक्यातल्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके पुरुषी वेशात घोड्यावरून फिरत, रझाकारांशी बंदूक-बॉम्बनिशी लढत. घरून साथ मिळेना, तेव्हा त्यांनी स्वतःच नवऱ्याचं दुसरं लग्न लावून दिलं आणि बाहेर पडल्या, असं सांगतात. लोकांनी त्यांना ‘मराठवाड्याची झाशीची राणी’ म्हटलं. मला हे बिरुद जरा खटकतं. राणीपाशी किल्ला होता, फौज होती. दगडाबाईंपाशी यातलं काहीच नव्हतं.

केंद्राची स्वातंत्र्यसैनिक पेन्शन १९७२ साली, स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवात सुरू झाली. १९८० मध्ये तिची सन्मान योजना झाली. हैदराबादच्या लढ्यातले सरहद्दीवरचे कॅम्पही पुढे तिच्यात धरले गेले. अट किमान सहा महिने तुरुंगवासाची, बायकांसाठी तीनच. सवलत म्हणायला चांगली, पण ती अटक झालेलीलाच. भूमिगत असल्याचं सिद्ध करायचं तर फरारी घोषित केल्याचा, डोक्यावर इनाम लावल्याचा किंवा स्थानबद्धतेचा हुकूम निघाल्याचा पुरावा हवा. आता चुलीपुढे बसून दहा जणांचं जेवण रांधणाऱ्या बाईवर निझामाचे पोलीस कशाला वॉरंट काढतील? सरकारी दप्तर सापडत नसेल तर तुरुंग भोगलेल्या नामवंत सैनिकाचं प्रमाणपत्र चालायचं. ते देणारे बहुतेक पुरुषच, आणि त्यांना आठवायचे ते सोबत हिंडलेले गडी.

त्याच कागदांच्या जोरावर बीड जिल्ह्यात बनावट स्वातंत्र्यसैनिकही उभे राहिले. प्रकरण इतकं वाढलं की न्यायमूर्ती पालकर आयोग नेमून छाननी करावी लागली. शिक्का-सही जमवता येणाऱ्याला वाट सापडली. सही न येणारी, तालुक्याला एकटी न जाणारी बाई अर्जापर्यंतच पोचत नव्हती.

नवरा सन्मानधारक असेल, तर त्याच्या पश्चात पेन्शन बायकोच्या नावावर होते. कॅम्पला भाकरी पुरवलेल्या, झडत्या सोसलेल्या कितीतरी जणींचं नाव सरकारी वहीत पहिल्यांदा चढलं ते असं, स्वातंत्र्यसैनिकाची विधवा म्हणून.