हाडातला ईएसआर सिग्नल वाढला: ऊर्जा जास्त शोषली गेली की रॅडिकल जास्त तयार झाले?

ईएसआर (इलेक्ट्रॉन स्पिन रेझोनन्स) या पद्धतीने हाडाने किती किरणोत्सर्ग शोषला हे काढता येतं. हाडाची पूड ईएसआर यंत्रात ठेवल्यावर मोजले जातात ते हायड्रॉक्सिअपेटाइटच्या (हाडातल्या कॅल्शियमयुक्त खनिजाच्या) स्फटिकांत अडकलेले कार्बन डायऑक्साइडचे ऋणभारित रॅडिकल, म्हणजे जोडीदार नसलेला इलेक्ट्रॉन असलेले रेणू. त्यांचं जी-मूल्य (वर्णपटातल्या सिग्नलची जागा सांगणारा आकडा) 2.0018 च्या आसपास असतं. किरणांची ऊर्जा बदलली की याच सिग्नलची उंची बदलते. त्याला दोन वेगळी कारणं आहेत आणि त्यांची गल्लत सर्रास होते.

पहिलं कारण शोषणाचं. कॅल्शियमचा अणुक्रमांक 20, त्यामुळे कमी ऊर्जेच्या क्ष-किरणांना हाड फोटोइलेक्ट्रिक परिणामाने भराभर गिळतं. 50 केईव्हीला (हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट) हाडाची मात्रा, म्हणजे दर किलोमागे शोषलेली ऊर्जा (एकक ग्रे), पाण्याच्या सुमारे पाचपट भरते, 100 केईव्हीला दुपटीहूनही कमी, आणि कोबाल्ट-60 च्या 1.25 एमईव्हीला (दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट) तर पाण्यापेक्षा किंचित कमीच. दुसरं कारण म्हणजे हाडाला मिळालेल्या प्रत्येक ग्रेमागे रॅडिकल किती बनतात. फोटॉनच्या बाबतीत हा आकडा फारसा हलत नाही. अल्फा कणांना मात्र तो कोसळतो: दातांच्या ईएसआर कालमापनात अल्फाची कार्यक्षमता गॅमा किरणांच्या तुलनेत 0.13 च्या आसपास धरतात.

म्हणून क्ष-किरणांनी सिग्नल फुगला तर रॅडिकलच्या उत्पादनाला दोष देऊ नका. हाडाने खरोखरच जास्त मात्रा घेतलेली असते. कोबाल्टवर, हाडातल्या ग्रेमध्ये केलेल्या कॅलिब्रेशनने (माहीत मात्रा देऊन सिग्नलचं माप ठरवून) 10 ग्रे आले, तर ती हाडाची मात्रा झाली. किरण 50 केईव्हीचे असतील तर शेजारच्या मऊ ऊतींना सुमारे 2 ग्रेच मिळाले. हाडाला अगदी चिकटलेल्या, काही दहा मायक्रॉन जाडीच्या थरात मात्र हाडातून सुटलेले इलेक्ट्रॉन पोचतात, आणि मज्जेच्या पेशींसाठी हा थर महत्त्वाचा असतो.

किरणस्रोताच्या प्रमाणपत्रावर कोबाल्टची मात्रा बहुतेकदा पाण्यातली लिहिलेली असते. आधी ती हाडाच्या मात्रेत बदला, एकदाच. पुढे ऊर्जेचा गुणक लावताना तोच बदल पुन्हा शिरला की उत्तर बिघडतं. कोबाल्टला नमुना देताना भोवती 4–5 मिलिमीटर ॲक्रिलिक हवं, नाहीतर इलेक्ट्रॉनांचा समतोल (जितके बाहेर जातात तितके आत येणं) साधत नाही आणि मात्रा कमी भरते. 50 केईव्हीच्या किरणांनी सुटलेले इलेक्ट्रॉन हाडात काही दहा मायक्रॉनच जातात, तिथे या आवरणाची गरज नाही.

खरी अडचण ही की अपघातात ऊर्जा कोणती होती हे अनेकदा माहीत नसतं. 1989 च्या सान साल्वादोरमधल्या (एल साल्वादोर) किरणोत्सर्ग अपघातात स्रोत कोबाल्ट-60 होता, तेव्हा कापलेल्या पायाच्या हाडावरून मात्रा काढताना हा प्रश्न आडवा आला नाही. इतर वेळी हाड न दळता आधी बाहेरचा आणि आतला थर वेगळा कापा, प्रत्येकी साधारण 100 मिलिग्रॅम. 1 सेंटिमीटर घट्ट हाडातून कोबाल्टचे सुमारे 90 टक्के किरण न अडता पार होतात, 50 केईव्हीचे निम्म्याहून कमी. दोन थरांच्या सिग्नलमध्ये ठळक उतार दिसला, तर कमी ऊर्जेचा संशय घ्या. कापताना पाणी सोडत राहा, कारण तापलेल्या हाडात 2.0045 जवळचा सेंद्रिय सिग्नल वाढतो आणि नेमका मोजायच्या शिखरावर चढतो.