अ‍ॅनाप्लास्टिक थायरॉइड कर्करोग

कंठमण्याच्या खाली असणाऱ्या थायरॉइड ग्रंथीचा हा सर्वांत आक्रमक कर्करोग. थायरॉइडच्या सर्व कर्करोगांत त्याचे प्रमाण १ ते २ टक्केच, पण त्या कर्करोगांनी होणाऱ्या मृत्यूंत त्याचा वाटा कितीतरी मोठा आहे. ‘थायरॉइडचा कॅन्सर बरा होतो’ असे सर्रास सांगितले जाते. पॅपिलरी आणि फॉलिक्युलर या त्याच्या सौम्य प्रकारांबाबत ते बहुतांशी खरेही आहे, पण या प्रकाराच्या रुग्णाला त्या भरवशावर ठेवणे हा अन्याय आहे. अनेक दशके निम्म्याहून अधिक रुग्ण निदानानंतर सहा महिनेही काढत नसत.

रुग्ण बहुधा साठी ओलांडलेला असतो. स्त्रियांचे प्रमाण जास्त. अनेकांच्या गळ्यावर गलगंड वर्षानुवर्षे असतो आणि ‘दुखत नाही, खुपत नाही’ म्हणून कोणी त्याकडे पाहत नाही. मग दोन-तीन आठवड्यांतच तो फुगतो. शर्टाचे वरचे बटण लागत नाही, आवाज घोगरा होतो, भाकरीचा घास अडकतो, उताणे झोपले की दम लागतो. थायरॉइडची साधी गाठ घोट गिळताना वरखाली होते. ही मात्र श्वासनलिकेला आणि स्नायूंना चिकटलेली, दगडासारखी कडक असल्याने बऱ्याचदा जागची हलत नाही. असा गळा तपासणाऱ्याने ‘महिन्याने या’ म्हणू नये. निदान होते तेव्हाच जवळपास निम्म्या रुग्णांत रोग दूरवर, बहुधा फुफ्फुसांत, पोहोचलेला असतो. म्हणूनच या कर्करोगाला पहिला, दुसरा, तिसरा टप्पा नाही. ग्रंथीपुरता मर्यादित असला तरी तो चौथ्याच टप्प्यात मोजतात.

निरोगी थायरॉइडच्या पेशी गोल पुटके करून राहतात, रक्तातले आयोडीन ओढून घेतात आणि त्यापासून संप्रेरक बनवतात. अ‍ॅनाप्लास्टिक पेशी हे सारे विसरलेल्या असतात. सूक्ष्मदर्शकाखाली पुटके दिसत नाहीत. दिसतात त्या चातीसारख्या लांबट किंवा अवाढव्य, वेड्यावाकड्या पेशी आणि मृत ऊतीचे पट्टे. अनेकदा जुन्या पॅपिलरी कर्करोगातूनच त्या निपजलेल्या असतात. उपचारांची मोठी अडचण इथेच सुरू होते. मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये १९६० च्या दशकापासून किरणोत्सारी आयोडीनचे उपचार होत आले आहेत. रुग्ण ज्याला ‘आयोडीनचा डोस’ म्हणतात, त्या औषधाने सौम्य प्रकारांचे असंख्य रुग्ण बरे होतात, पण या पेशी आयोडीन घेतच नसल्याने तो डोस इथे वाया जातो.

सुईच्या तपासणीत कधी नुसती मृत ऊतीच येते. अशा वेळी जाड सुईने तुकडा काढावा लागतो आणि त्याच तुकड्यावर बीआरएएफ जनुकातील व्ही ६०० ई हा बदल ताबडतोब शोधावा लागतो, कारण तो असेल तर त्यावर चालणारी औषधे आहेत. हा बदल साधारण ४० टक्क्यांच्या आसपास रुग्णांत आढळतो. ऊतीला विशेष रंग देऊन तो एक-दोन दिवसांत कळू शकतो. पूर्ण जनुकीय अहवालाला आठवडे लागतात, आणि तेवढे आठवडे रुग्णाकडे नसतात.

गाठ पूर्ण निघण्यासारखी असेल तर शस्त्रक्रिया आणि पाठोपाठ किरणोपचार, सोबत पॅक्लिटॅक्सेल किंवा डॉक्सोरुबिसिनसारखे केमोथेरपीचे औषध, ही जुनी वाट अजूनही आहे. मात्र अर्धीमुर्धी गाठ कापून फारसा फायदा होत नाही. खरा फरक पडला तो २०१८ मध्ये. बीआरएएफ बदल असलेल्या रुग्णांसाठी अमेरिकेत डॅब्राफेनिब आणि ट्रॅमेटिनिब या तोंडाने घ्यायच्या औषधांच्या जोडीला मान्यता मिळाली. चाचणीतील पहिल्या १६ रुग्णांपैकी ११ जणांची गाठ आकसली. पुढे ३६ रुग्णांच्या नोंदीत हे प्रमाण ५६ टक्के भरले. ताप हा या जोडीचा नेहमीचा त्रास. तो आला की डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या थोडे दिवस थांबवतात. ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन केंद्राने ४७९ रुग्णांचा आढावा घेतला. २००० ते २०१३ मधील रुग्णांपैकी ३५ टक्के एक वर्ष जगले होते, तर २०१७ ते २०१९ मधील ५९ टक्के. आधी औषधाने गाठ लहान करून मग शस्त्रक्रिया केलेल्यांची स्थिती सर्वांत चांगली होती, पण ते मोजके आणि निवडक रुग्ण होते. पुढे औषधाला रोग दाद देईनासा होतो, हेही घरच्यांना आधीच सांगायला हवे. बीआरएएफ बदल नसेल तर आरईटी किंवा एनटीआरके जनुकांतले विरळ बदल शोधतात, नाहीतर लेन्व्हॅटिनिब आणि पेम्ब्रोलिझुमॅबसारख्या औषधांचा विचार होतो.

या सगळ्यांत आधी श्वासाची वाट. गळ्याला छिद्र पाडून नळी बसवल्याने गुदमरणे टळते, पण बोलणे अवघड होते, कफ सतत काढावा लागतो, आणि त्या जागी गाठ असेल तर नळी बसवणेही कठीण असते. ‘पेशंटला काही सांगू नका’ असे नातेवाईक दाराबाहेर डॉक्टरांना विनवतात. मात्र नळी हवी की नको, घरी राहायचे की रुग्णालयात, हे ज्याचा गळा आहे त्यालाच, त्याचा आवाज शिल्लक असताना, विचारले पाहिजे. वेदना आणि धाप या दोन्हींवर मॉर्फिन उपयोगी पडते. उपशामक, म्हणजे त्रास हलका करणारे, उपचार करणारे डॉक्टर पहिल्या भेटीपासूनच सोबत असावेत.