वारशात आलेली काडतुसे आणि ‘कोरोझिव्ह’ या शब्दाचा घोळ

वारशाने आलेल्या जुन्या काडतुसांची आणि ती पुन्हा भरण्याच्या सामानाची पारख बहुतेक वेळा प्रायमरच्या, म्हणजे काडतुसाच्या बुडातल्या, आघाताने पेटून दारू पेटवणाऱ्या टोपीच्या, रसायनापाशी येऊन अडते. बंदुकीच्या जुन्या काळ्या दारूच्या काळात प्रायमरमध्ये पाऱ्याचे फल्मिनेट आणि पोटॅशियम क्लोरेट असे. पण त्या दारूची काजळी इतकी धरे, की पारा तिच्यातच मुरे आणि बंदुकीची नळी पाण्याने धुण्यावाचून गत्यंतर नसे. 1884 मध्ये फ्रान्समध्ये धूरविरहित दारू तयार झाल्यावर काजळी गेली, दाब वाढला आणि तेलाच्या चिंधीवर भागू लागले. क्लोरेट जळून उरणारा क्षार हवेतली ओल ओढतो आणि तेलात विरघळत नाही. नळ्या गंजल्या त्या त्याच्यामुळे, पण दोष बराच काळ नव्या दारूच्या माथी मारला गेला.

‘कोरोझिव्ह’, म्हणजे गंज आणणारा, हा शब्द रूढ झाला तो या क्षारासाठी, आणि घोळाचे मूळही तिथेच आहे, कारण तो केवळ नळीबद्दल बोलतो. पारा नळीला फारसा धक्का लावत नाही. तो पुंगळीच्या, म्हणजे दारू आणि गोळी धरणाऱ्या नळकांड्याच्या, पितळेत शिरून ते ठिसूळ करतो. अशी पुंगळी कितीही लखलखीत दिसली तरी पुन्हा भरण्याच्या कामाची नसते. 1920 च्या दशकात क्लोरेट वगळलेले प्रायमर बाजारात आले, परंतु सुरुवातीच्या काहींत पारा कायम होता. त्यांच्या खोक्यावर ‘नॉन-कोरोझिव्ह’ छापणे खोटे नव्हते. पुंगळ्या जपून ठेवणाऱ्याची मात्र त्याने दिशाभूलच केली. अमेरिकी लष्कराने नेमके उलटे केले : पारा लवकर सोडला आणि साठवणीत टिकतो म्हणून क्लोरेट दुसऱ्या महायुद्धानंतरही काही वर्षे चालू ठेवले. हा निर्णय आजही वादाचा आहे, पण वर्षानुवर्षे कोठारात पडून राहणाऱ्या मालासाठी तो समजण्यासारखा होता. त्यामुळे पुंगळीच्या बुडावरचे साल वाचताना ती लष्करी आहे की बाजारातली, हे आधी ठरवावे लागते.

पितळ न वापरताही बिघडते. एकोणिसाव्या शतकात भारतातील ब्रिटिश सैन्याची काडतुसे पावसाळ्यात तबेल्यांत ठेवली जात आणि त्यांच्या पुंगळ्यांना तडे जात. ताणाखालच्या पितळेवर अमोनियाचा परिणाम होतो, हा उलगडा 1921 मध्ये झाला. जुन्या काडतुसाची मान, म्हणजे पुंगळीचा गोळी धरणारा भाग, म्हणूनच भिंगाखाली पाहावी.

धूरविरहित दारू जुनी होऊन सुधारत नाही, ती विघटत जाते. हे विघटन रोखण्यासाठी तिच्यात मिसळलेला स्थिरक संपला की डबा उघडताच आंबट, नाकाला झोंबणारा वास येतो, झाकण आतून गंजलेले असते आणि दाण्यांवर तांबूस भुकटी दिसते. असा साठा आपोआप तापून पेटूही शकतो. वास चांगला असला तरी लेबल नसलेली दारू नुसत्या दाण्यांवरून ओळखता येत नाही. दुसऱ्याने घरी भरलेल्या काडतुसांबरोबर दारूच्या वजनाची चिठ्ठी असते तेव्हा मोह होतो, पण चिठ्ठी त्याच भरणीची आहे हे सांगणारा आता नसतो. ती काडतुसे उडवू नयेत, अधिकृत विल्हेवाटीसाठी द्यावीत.