पांढरा लाइट आणि जास्त उजेड, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत राजेहो

मागच्या पावसाळ्यात ओसरीतला बल्ब उडाला म्हणून मी मुद्दाम पिवळा एलईडी आणून लावला, अन् संध्याकाळी काकाजी आले ते पायरीवरूनच म्हणाले, "काऊन बे, व्होल्टेज डाऊन हाय का तुह्या घरी?" मी म्हटलं नाही काकाजी, फुल आहे. "मंग पांढरा लाव ना, उजेड तरी पडंल." आता गंमत अशी की उडालेला पांढरा होता ७ वॅटचा आणि हा पिवळा ९ वॅटचा, म्हणजे ओसरीत उजेड आधीपेक्षा जास्तच पडत होता. पण काकाजीले पटलं नाही ते नाहीच.

तालुक्याच्या दुकानातही तेच. पिवळा मागितला तर दुकानदार म्हणते, "पिवळा कोणी नेत नाही भाऊ, तो हॉटेलवाल्यायचा माल." आणि माझ्यासमोरच एक जण म्हणाला, साडेसहा हजारवाला द्या, तीन हजारवाला कमी पडते. त्याने डब्यावरचा आकडा वाचला हे चांगलंच, पण वाचला तो चुकीचा.

बल्बच्या डब्यावर वॅट सोडून दोन आकडे असतात. एक लुमेन, म्हणजे बल्बातून एकूण उजेड किती निघतो ते. दुसरा केल्विन, ३००० के किंवा ६५०० के असा छापलेला, म्हणजे तो उजेड कोणत्या रंगाचा आहे ते. ९०० लुमेनचा पिवळा आणि ९०० लुमेनचा पांढरा, दोघायचा उजेड सारखा, रंग वेगळा, विषय संपला. (डोळ्याला पांढरा थोडा जास्त वाटते हे खरं, आणि त्याच कंपनीचा तेवढ्याच वॅटचा पिवळा बल्ब बरेचदा थोडे कमी लुमेन देते हेही खरं, पण फरक फार नसतो, काकाजी म्हणतात तेवढा तर बिलकुलच नाही.)

केल्विन हे खरं म्हणजे तापमानाचं माप. लोहाराच्या भात्यासमोर बसले असाल तर आपोआप समजंल, लोखंड तापलं की आधी लाल होते, मग केशरी, मग पिवळं, आणि अजून भाता मारला तर पांढऱ्याकडे जाते. तसाच हा हिशोब. मेणबत्ती १९०० च्या आसपास, जुना तारेचा बल्ब २७००, दुपारचं ऊन साधारण ५५००, आणि आभाळ भरून आलेल्या दिवसाचा निळसर उजेड ६५०० च्या जवळपास. म्हणजे डब्यावर ज्याच्या नावाने 'कूल' लिहिलेलं असते तोच आकड्याने जास्त तापलेला! अर्थात एलईडी काही तेवढा तापत नाही, फक्त रंग तापलेल्या वस्तूसारखा दिसते म्हणून तो आकडा देतात.

पण काकाजी मूर्ख नाहीत, हे मला सांगायचं आहे. त्यायच्या पूर्ण आयुष्यात पिवळा म्हणजे कमी हेच खरं होतं. संध्याकाळी शेतातले पंप सुरू झाले की डीपीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर, लोड यायचा आणि घरातला १०० चा बल्ब लालसर होऊन बसायचा. तारेच्या बल्बाचं असं असते की २३० व्होल्टचे २०७ झाले तरी उजेड तीसेक टक्क्यांनी कमी होते, १८० वर तर निम्म्याहून कमी, आणि तार कमी तापली म्हणून रंगही लाल होत जाते. उजेड कमी झाला की रंग पिवळा-लाल, दोन्ही एकाच वेळी, रोज, डोळ्यासमोर. नंतर ट्यूबलाइट आली ती पांढरी, आणि ती खरंच जास्त उजेड द्यायची, ३६ वॅटची ट्यूब अडीच हजाराच्या जवळ लुमेन तर १०० वॅटचा बल्ब तेरा-चौदाशे. मग माणूस काय शिकणार? पांढरा म्हणजे जास्त. ही जोडी एलईडीने तोडली, त्यात रंग ठरते तो आतल्या निळ्या चिपवरच्या पिवळ्या लेपावर आणि चांगल्या बल्बात व्होल्टेज थोडं खालीवर झालं तरी रंग हलत नाही. २०१५ मध्ये उजाला योजना सुरू झाली आणि गावोगावी स्वस्तातले पांढरे एलईडी आले, त्यामुळे तर पांढरा म्हणजेच एलईडी असं डोक्यात पक्कं बसलं.

आता घराचं सांगतो. आमचं घर घरकुलातलं, कागदावर २५ चौरस मीटर म्हणजे २७० फूट धरा, एक खोली, एक सयपाकघर, पुढे आम्ही टिनाची ओसरी काढली. एवढ्याशा घरात लाइट चुकला की लपत नाही.

सयपाकघरात आई रोज कुरकुरायची की भाकर थापताना दिसत नाही. मी तीन बल्ब बदलले, प्रत्येक वेळी आधीपेक्षा पांढरा, आणि तिसऱ्यांदाही तेच. मग एक दिवस स्वतः ओट्यापाशी उभा राहिलो तेव्हा उमगलं, होल्डर दरवाज्याच्या वर आणि ओटा समोरच्या भिंतीला, म्हणजे उभं राहिलं की आपलीच सावली परातीत. त्याला केल्विन काय करणार अन् लुमेन तरी काय करणार! फिटिंगवाले होल्डर दरवाज्यावर लावतात कारण बटनापासून वायर कमी लागते, बाकी काही कारण नाही. शंभरेक रुपयाची केसिंग पट्टी आणि वायर घेऊन होल्डर ओट्याच्या वर, थोडा बाजूला आणला, बल्ब तोच ठेवला, कुरकूर बंद. तिथे पांढरा ठेवला आहे, कारण तुरीच्या डाळीतला खडा आणि तांदळातली अळी निवडायला मला तरी पांढऱ्यातच बरं दिसते.

मोठ्या खोलीत वेगळंच. ती दहा बाय बाराची, म्हणजे अकरा चौरस मीटर, त्यात एक ९०० लुमेनचा बल्ब वाटून टाकला तर चौरस मीटरमागे ८० लुमेन येतात, याला लक्स म्हणतात, आणि त्यातलेही काही भिंती खातात. बसायला, टीव्हीला चालते, पण पोरीला अभ्यासाला ३०० च्या आसपास पाहिजे. मग काय, चार बल्ब लावायचे का? नाही ना. उजेडाचं असं आहे की अंतर अर्धं केलं तर थेट पडणारा उजेड चौपट होते, म्हणून ५ वॅटचाच बल्ब पण टोपी घालून वहीपासून दीड-दोन फुटावर आणला की काम झालं. पोरगी उजव्या हाताने लिहिते म्हणून लॅम्प डावीकडे, नाहीतर पुन्हा हाताची सावली. रात्री अभ्यास संपल्यावर खोलीत पिवळा लावतो, झोपायच्या आधी निळसर पांढऱ्या उजेडाने झोप लांबते, त्यात मोबाइल असतेच वरून.

भिंतीचा रंग मात्र दोन्ही गोष्टीत हात घालते, त्यामुळे तिथे जरा थांबा. पांढरा चुना मारलेली भिंत पडलेल्या उजेडातला पाऊण हिस्सा तरी परत खोलीत फेकते, आणि आपल्याकडे हौसेने मारतात तो गडद निळा ऑइल पेंट बराचसा गिळून बसते. आमची भिंत आधी निळीच होती. निळ्या भिंतीवर पिवळा लाइट पडला की पिवळ्यात निळं कमीच असते त्यामुळे परत यायला काही उरतच नाही, भिंत मळकट दिसते आणि खोली अंधारी. म्हणजे निळ्या भिंतीच्या घरात पांढरा बल्ब खरंच जास्त उजळ वाटते, तिथे काकाजी बरोबर! आम्ही नंतर भिंती पांढऱ्या केल्या आणि तोच पिवळा बल्ब एकदम फाकला.

ओसरीत पिवळा मी का लावला तर किड्यायसाठी. ऑगस्ट-सप्टेंबरात पांढऱ्या बल्बभोवती किडे इतके जमतात की जेवायला बसता येत नाही, मग किड्यामागे पाली. किडे निळसर उजेडाकडे जास्त ओढले जातात, पिवळ्याकडे कमी, शून्य नाही पण ताटात पडत नाहीत एवढे कमी.

अजून एक, नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक उन्हाच्या दिवसात, लोक म्हणतात पिवळ्याने घर गरम होते. ते जुन्या बल्बाचं, त्यातली नव्वद टक्क्याहून जास्त वीज उष्णतेतच जायची. एलईडी ९ वॅटचा पिवळा असो का पांढरा, गरमी सारखीच, पंख्याखाली कळत पण नाही. उन्हाळ्यात खरी गडबड कूलर करते. घराला एकच मोठी खिडकी, त्यात मार्च संपता संपता कूलर बसते आणि दिवसाढवळ्या बल्ब लावावा लागते, तो कितीही पांढरा आणला तरी खिडकीची बरोबरी नाही, कारण दुपारी खिडकीजवळ हजारांत लक्स असतात आणि आपण ८० च्या गोष्टी करतो. म्हणून कूलरसाठी खालून वेगळा झरोका पाडला आणि वरची अर्धी खिडकी काचेची ठेवली. घर बांधत असाल तर हे आधीच मिस्त्रीला सांगा, नंतर भिंत फोडणं महागात पडते.

दुकानात गेलात की आधी लुमेन बघा, मग जागेप्रमाणे केल्विन. लुमेन छापलेले नसतील तर चांगल्या एलईडीत वॅटला नव्वद-शंभर धरून चालते. बाजाराच्या दिवशी चादरीवर बिनडब्याचे बल्ब मिळतात त्यायले हा हिशोब लावू नका, मी घेतलेला '१२ वॅटचा' माझ्या ७ वॅटच्या जुन्या बल्बापेक्षा अंधारा निघाला, आणि होता मात्र दुधासारखा पांढरा.