फ्लोटिंग डॉक वेगळा, कयाक लाँच वेगळा, राजेहो

फ्लोटिंग डॉक काय असतो ते सांगत बसत नाही, सगळ्यांनी पाहिलाय. बोटिंगच्या ठिकाणी ते रंगीत प्लास्टिकचे डबे एकमेकांत अडकवून पाण्यावर टाकलेले असतात, वरून चाललं की डुगडुगतात, पाणी चढलं की डॉक चढतो, उतरलं की उतरतो. कोणी जेटी म्हणतं, कोणी पोन्टून, म्हणा काहीही. माझं भांडण त्या बोर्डाशी आहे, जो याच डॉकवर निळी व्हीलचेअर रंगवून लावतात, 'दिव्यांगांसाठी कयाकिंग सुविधा'. मी स्वतः सात वर्षांपासून व्हीलचेअरवर आहे, कमरेखाली संवेदना नाही, आणि हा बोर्ड वाचला की डोकं तापतं.

डॉक तुम्हाला पाण्याजवळ नेतो. कयाक म्हणजे वल्ह्यानं चालवायची छोटी, बुटकी बोट, आणि तिचा लाँच (मोटारबोटवाला लाँच नव्हे, डॉकला जोडलेली बसायची-उतरायची सोय) तुम्हाला बोटीत बसवतो आणि बोटीतून परत बाहेर काढतो. एवढाच फरक, पण इथंच सगळे घसरतात.

हिशोब करून पाहा. साध्या डॉकचा वरचा पृष्ठभाग पाण्यापासून 35 ते 50 सेंटीमीटर उंच असतो, कारण तो मोटारबोटीच्या काठाशी जुळवलेला असतो. त्यावर माझी खुर्ची, तिची सीट आणखी 45-50 सेंटीमीटर. आणि कयाकची सीट कुठं? पाण्याच्या जवळपास बरोबरीला. म्हणजे मला ऐंशी सेंटीमीटर ते एक मीटर खाली उतरायचं आहे, फक्त हातांच्या जोरावर, आणि तेही अशा बोटीत की जिच्यावर हात टेकवला रे टेकवला की ती सरकून पलीकडं जाते. ज्याचे पाय चालतात तो एक पाय बोटीत, एक डॉकवर ठेवून सांभाळून घेतो. त्याला हा खड्डा दिसतच नाही, म्हणून तर तो बोर्ड लावतो.

आपल्या भंडारा-गोंदियातल्या मामा (माजी मालगुजारी) तलावावर ढिवर भाऊ, म्हणजे मासेमार, म्हाताऱ्या माणसाला डोंग्यात कसं बसवतो ते आठवा. तो डोंगा पाण्यात तरंगत ठेवत नाही. नाकाडाकडून अर्धा काठाच्या चिखलावर ओढून घेतो, डोंगा पक्का रुतला की 'बस जी माय' म्हणतो, माय नीट टेकली की मग मागून ढकलतो. कयाक लाँच म्हणजे अगदी हीच अक्कल, फक्त चिखलाच्या जागी पाण्यात बसवलेला पाळणा. त्यात कयाक बसली की ती डावी-उजवीकडं कलत नाही. शेजारी खुर्चीच्या उंचीचा बाक, म्हणजे मी खुर्चीवरून बाकावर आडवा सरकतो, मग बाकावरून पायरी-पायरीनं ढुंगण टेकत टेकत खाली, कारण बऱ्याच लाँचला अशा उतरत्या फळ्या असतात, आणि दोन्ही बाजूंना किंवा डोक्यावर धरायला दांडे. सीटवर बसलो की दांडे धरून स्वतःला पुढं ओढायचं, खालचे रोलर फिरतात, बोट पाण्यात. परत येताना जोरात वल्हवत रोलरवर चढायचं आणि दांडे धरून वर ओढायचं.

आणि हे परत येणं, याबद्दल कोणी विचारतच नाही! खाली उतरताना वजन तरी मदतीला असतं, वर चढताना तेच वजन वैरी. आमच्या इकडं एका तलावावर नवीन डॉक झाला तेव्हा मी तिथल्या माणसाला विचारलं, बसीन कसाबसा, पण बाहेर कसा निघू? म्हणे, 'काहून टेन्शन घेता भाऊ, दोन पोट्टे ठेवू ना उचलायला.' त्या पोट्ट्यांनी बगलेत हात घालून मला ओढलं, डब्यांच्या जोडाच्या कडेवर मांडी घासली, मला कळलंही नाही, घरी आल्यावर बायकोनं रक्त पाहिलं. ती जखम भरायला दीड महिना लागला आणि तो दीड महिना पालथं झोपून काढला. उचलणारे पोट्टे चांगलेच होते, पण पोट्टे म्हणजे सुविधा नव्हे.

'पण पॅरालिंपिकमध्ये तर दिव्यांग कयाक चालवतात ना?' हो, चालवतात, 2016 च्या रिओपासून पॅराकनू, म्हणजे दिव्यांगांची कनू-कयाक शर्यत, त्यात आहे, आणि आपली प्राची यादव टोकियोत फायनलपर्यंत गेली. पण तिची वर्षानुवर्षांची तयारी आणि रविवारी पहिल्यांदा आलेला माझ्यासारखा माणूस, यांना एकाच मापात कसं बसवता?

प्लास्टिक की लाकूड, सिट-ऑन-टॉप की आत बसायची कयाक, हे वाद मला फालतू वाटतात. पाहिजे तर सिट-ऑन-टॉप घ्या, नवख्याला तीच बरी, विषय संपला.

एक गोष्ट मात्र डॉक आणि लाँच दोघांनाही सारखी नडते, काठावरून डॉकवर नेणारा जोडपूल. लाँच कितीही भारी आणा, तो डॉकलाच जोडलेला असतो, आणि तिथं पोचलोच नाही तर काय कामाचा. रॅम्पला 1:12 उतार हवा हे सगळ्यांना पाठ, म्हणजे एक मीटर उतरायला बारा मीटर लांबी. ऑगस्टात पाणी तुडुंब असताना पूल जवळजवळ सपाट असतो, तेव्हा उद्घाटन करतात, फोटो काढतात. मग रब्बीला पाणी सुटतं, काठ उघडा पडतो, लोक उघड्या गाळात पेरणी, म्हणजे गाळपेर, करायला येतात, आणि डॉक तीन मीटर खाली गेला की तोच पूल घसरगुंडी होतो. तीन मीटरला छत्तीस मीटर पूल लागेल, तो कोण बांधतो? अमेरिकेच्या 2010 च्या मानकांतही 80 फुटांपेक्षा लांब पुलाची सक्ती नाही, म्हणजे तिथंही तडजोडच. म्हणून गोसेखुर्द धरणाच्या बॅकवॉटरसारख्या जागी डॉक टाकायचाच असेल तर उन्हाळ्यातली सगळ्यात खालची पाण्याची रेघ पाहून जागा ठरवा, नाही तर उन्हाळ्यात लाँच चिखलात, भोवती बेशरमाची झुडपं, आणि रोलरमध्ये गाळ. पुलाच्या शेवटी जो दोन इंचाचा उंचवटा सोडतात ना, त्याच्यावर पत्र्याची फळी मारा, दोन इंचात माझी पुढची चाकं अडकतात आणि मी तोंडावर.

तयार लाँचसाठी पैसे नसतील तर डॉकचा एक तुकडा मुद्दाम कमी उंचीचा करा, त्याला दोन बाजूंनी पाण्यात बुडलेल्या पाळण्याचा सांगाडा, आणि गावच्या वेल्डरकडून उतरता बाक. वेल्डरला चित्र नका दाखवू, खुर्चीवर बसलेला माणूस घेऊन जा आणि टेपनं मोजा. पण कोणाला पट्ट्यानं बोटीला बांधू नका, बोट उलटली तर सुटता आलं पाहिजे, लाइफ जॅकेट घाला आणि मोकळं बसवा.

बाकावर गादी किंवा रबरी चटई टाकाच. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडं प्लास्टिक तव्यासारखं तापतं, आणि ज्याला चटका कळत नाही तो निवांत बसून राहतो, चामडी निघेपर्यंत. म्हणून मी गाडीत एक बादली ठेवतो, पोचल्यावर आधी कोणाला तरी तलावातून भरून आणायला सांगतो आणि बाकावर ओततो.